नरसिंहाची थरथर

(मोखाड्याजवळचा एक पाडा. दुपार. संध्याकाळी बोहाडा, देवांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव. ओट्यावर गोरख, मांडीवर नरसिंहाचा लाकडी मुखवटा. शेजारी बायको सरू, समोर पाड्याची आरोग्यसेविका वर्षा.)

वर्षा : हात पुढे करा, मामा. दोन्ही.

गोरख : आशाताई झालीस म्हणून देवाचे हात तपासतेस?

वर्षा : देवाचे नाही, तुमचे. बघा कसे थरथरतायत.

सरू : थरथरणारच. नरसिंह अंगात यायला लागला. गेल्या साली पण असाच दुपारपासून आलेला.

वर्षा : आणि गेल्या साली दम्याचा निळा पंप कधी ओढला होता, मामी?

सरू : दुपारीच.

गोरख : तू गप गं.

वर्षा : आज किती वेळा ओढला?

गोरख : अकरा.

वर्षा : अकरा!

गोरख : एकदम नाय. जेवायच्या आधी सहा, जेवून पाच. टँकर आला का आपण हंडे, बादल्या, टोप, सगळा भरून ठेवतो ना? तसा दम भरून ठेवला. रातच्याला चार तास नाचायचाय.

वर्षा : दम हंड्यात राहत नाही, मामा. छाती धडधडतेय?

गोरख : संबळ वाजतोय.

सरू : संबळवाले अजून जव्हारवरून यायचेत.

वर्षा : रोजचा तपकिरी पंप कुठंय?

सरू : डब्यात. नवा कोरा हाय.

गोरख : तो ओढून काय कळतच नाय. निळा ओढला का लगेच कळतो.

वर्षा : न कळणाराच आतली सूज धरून ठेवतो. तो रोज घ्यायचा. निळा फक्त अडचणीला. निळा जास्त झाला की हात असे थरथरतात. हा देव नाही, मामा.

सरू : वर्षे, जीभ आवर! अख्खा गाव पाया पडलेला. शेजारच्या प्रतीक्षानं तान्हा पोर पायावर घातला.

वर्षा : मीही पडले होते.

गोरख : म्हणजे... गेल्या साली पण... नुसता पंप?

वर्षा : आता बोलू नका. पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर. नाकानं घ्या, ओठांनी सावकाश सोडा. गरम चहा फुंकता तसं. (फोन लावून) हॅलो, डॉक्टर? वर्षा बोलतेय. गोरखमामा. निळा पंप, अकरा वेळा. हो, शुद्धीत आहेत, भांडतायत. बरं. आणते लगेच.

सरू : आणतेस कुठं? आज सोंग नाय नाचला तर मान त्या खालच्या आळीतल्या सोन्याच्या घरात जाईल. माझ्या आजेसासऱ्यापासूनचा मान हाय हा!

वर्षा : तुमचा मुलगा जिवा आहे ना?

सरू : त्याला मागं दोन साल उभा केला. ह्यांनीच बाजूला काढला. अंगात काय येत नाय त्याच्या. हात दगडासारखे.

वर्षा : जीप खाली उभी आहे. मामा, मुखवटा ठेवा.

गोरख : सरू, धर.

सरू : मी? बाईमाणसानं?

गोरख : धर. जिवाला दे. त्याला सांग...

वर्षा : आधी श्वास सोडा. मग बोला.

गोरख : ...हात नाय थरथरले तरी चालंल.