नाखव्यांनी जाळं का कापलं

मंडळी, मायबहिणींनो, आणि मुंबईहून आलेल्या महादूच्या संघातल्या भावांनो,

आज थळची एकही होडी दर्यात गेलेली नाही. सगळे इथे खळ्यावर बसलात. मी हसन. बंदरावर बर्फ विकतो. गिऱ्हाइकाशी भांडताना माझं तोंड किती चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. आज ते चालत नाही. माझ्याआधी जे बोलले ते चांगलं बोलले, मला तसं जमायचं नाही. पण महादूने मला एक काम सांगितलंय. ते केल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

महादू गेला. कावीळ झाली आणि धडधाकट माणूस बघता बघता गेला. मला अजून ते खरं वाटत नाही. कालसुद्धा मी त्याच्या नावाचा बर्फ बाजूला ठेवला. सुट्टीला आला की पहिला माझ्या दुकानात यायचा ना.

आपण त्याला सुकट म्हणायचो. खोटं कशाला बोलू, सगळेच म्हणायचो. हुतुतूत त्याला कोणी आपल्या बाजूला घेत नसे. मग तो माझगावला मावशीकडे शिकायला गेला आणि मे महिन्यात परत आला तो काखेत एक जुना चेंडू घेऊन. बास्केटबॉल. हा शब्द तेव्हा आपल्यापैकी कोणाला ठाऊक होता?

हे समोर बसलेत ते त्याचे वडील, हिराजी नाखवा. त्यांनी विचारलं, "ह्यो कसला खेल?"

महादू म्हणाला, "बाबा, कडीतनं चेंडू टाकायचा."

"आन् मंग?"

"मग काय न्हाय. परत टाकायचा."

 दुसऱ्या दिवशी नाखव्यांनी फुटक्या पिंपाची लोखंडी कडी काढली आणि अंगणातल्या माडाला ठोकली. कडीला जाळं लागतं असं महादूने सांगितलं होतं, म्हणून स्वतः सूत घेऊन जाळं विणायला बसले. मी तिथेच होतो. विणलं सुरेख, पण खालून बंद. नाखव्यांच्या सात पिढ्यांत बूड नसलेलं जाळं कोणी विणलं होतं का? महादूने चेंडू टाकला, तो आत अडकला. मी माडावर चढायचो, चेंडू काढायचो, खाली टाकायचो. महादू पुन्हा टाकायचा, पुन्हा अडकायचा. हसून हसून आमचं पोट दुखलं. शेवटी महादू म्हणाला, "बाबा, खालून उघडं लागतं."

नाखवा म्हणाले, "जाल्यात गावलेलं सोडून द्याचं? आसला कसला खेल रं तुजा?"

आणि सुरी घेऊन आले. मंडळी, स्वतः विणलेलं जाळं कापताना कोळ्याच्या हाताला काय होतं, हे तुम्हाला मी बर्फवाल्याने सांगायला नको. त्यांनी ते कापलं. पोराचा चेंडू खाली यावा म्हणून कापलं.

त्या कडीखाली महादू शिकला. वाळूत चेंडू उसळत नाही, आणि या खळ्यावर मासळी वाळत असायची, बायका पाय ठेवू देत नसत. म्हणून तो टप्पे मारायला शिकलाच नाही. चेंडू हातात आला की लगेच सोडायचा. मुंबईत आधी सगळे हसले. याला टप्पा येत नाही, याची उंची नाही, याला कोणी आणलं? हे पाहुणे मान हलवतायत बघा. पण तो चेंडू हातात ठेवतच नसे, तर त्याला अडवणार कोण? पुढे याच भावांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. तो कप्तान झाला. पेपरात फोटो आला. आणि मग त्याच्यावर माहितीपट निघाला.

सिनेमावाले आपल्या गावात आले, ते तुम्हाला आठवतंय. ते म्हणाले, जाळ्याची गोष्ट करून दाखवा. नाखव्यांनी होळीला घालायचा सदरा घातला. तसंच नवं जाळं विणलं आणि कॅमेऱ्यासमोर सुरीने कापलं. चेहरा कडक ठेवला. आपल्याकडे फोटो काढताना हसतं कोण?

मग तंबूत तो सिनेमा लागला. आपण सगळे गेलो. महादू पडद्यावर दिसला तेव्हा शिट्ट्या कोणी मारल्या? आपणच. आणि मग नाखवा दिसले, हातात सुरी. मागून तो भारदस्त आवाज म्हणाला, बापाला हा खेळ मान्य नव्हता, रागाच्या भरात त्याने मुलाचं जाळं कापून टाकलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तंबूत चुकचुकाट झाला. दुसऱ्या दिवशी बाजारात एकीने तोंडावर विचारलं, "नाखवा, पोराचं जालं कापलंत व्हय?"

नाखवा म्हणाले, "शिनेमात हाय तं आसंल."

मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, मी होतो तिथे, मी सगळ्यांना सांगतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तू काय बोलू नको. पोराचा शिनेमा खोटा कशाला पाडाचा? त्याचं नाव झालंय, होऊ दे."

मी शब्द दिला आणि गप्प बसलो. लोक त्यांच्याशी तुटक वागले तरी गप्प बसलो. चावडीवर पोरांनी टोमणे मारले तरी गप्प बसलो. नाखवा खाली मान घालून जाळी विणत राहिले.

महादूला हे इस्पितळात कळलं. माझ्याच तोंडून निसटलं. तो रडला, मंडळी. एवढ्या दुखण्यात रडला नव्हता, तेव्हा रडला. सिनेमावाल्यांकडे तो आधीच जाऊन आला होता. ते म्हणाले, आता सगळीकडे लागलाय, काही करता येणार नाही. पण गावानेही ते खरं मानलं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. मला म्हणाला, "हसन, होळीला सगळे एकत्र असतात. मी उभा राहून सांगेन. नाही आलो तर तू सांग."

होळी अजून लांब आहे. तो आता येणार नाही. म्हणून मी सांगतोय. नाखवा, तुम्हाला दिलेला शब्द मी आज मोडला. तुमच्या पोराने दुसरा शब्द घेतला होता, आणि मेलेल्या माणसाचा शब्द मला मोडवत नाही. मला माफ करा.

तो सिनेमा पुन्हा लागेल. जरूर बघा. त्यात आपला महादू पळताना दिसतो, आता तेवढाच दिसणार. पण तो भारदस्त आवाज आला की तंबूत कोणीतरी मोठ्याने सांगा, हे खोटं आहे.

अल्ला त्याला सुखात ठेवो. तुमचा देव ठेवो. दोघांनी मिळून ठेवो.

आता आपण त्याच्यासाठी शांत उभे राहू. उठा सगळे. नाखवा, तुम्ही नका उठू. तुम्ही बसून राहा. एवढे दिवस तुम्ही आमच्यासमोर मान खाली घातलीत. आता मान वर करा, आणि तुमच्यासमोर कोण कोण उभं आहे ते बघा.