प्रॉम्प्टरची पंचाईत

...आणि वर सगळे मलाच विचारतात, ‘तू विंगेत उभी होतीस ना, मग थांबवलं का नाहीस?’ अहो, थांबवणार कशी? विसरलेलं वाक्य आठवून द्यायचं, हे प्रॉम्प्टरचं काम! न लिहिलेलंच कुणी बोलायला लागलं तर काय धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवू?

तुम्हाला सांगते, आमचे बाबा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. आई गेल्यापासून घरात त्यांचा आवाज म्हणजे एक ‘हं’. जेवलात का? हं. भाजी खारट झालीय का? हं. म्हणून मीच, मीच हो, दुसऱ्या कुणाला दोष देऊ, त्यांना आमच्या गल्लीतल्या थिएटरात ओढून नेलं. थिएटर कसलं! खाली लॉन्ड्री, वर आम्ही. वर नायिका हुंदका देते, खाली मशीन घरघरतं. तर या सीझनच्या पहिल्या नाटकात बाबा प्रेत झाले. उत्तम झाले! दुसऱ्यात मुका नोकर. तिसऱ्यात न्यायाधीश, कारण ते काम करणारे पोस्टमन आयत्या वेळी आजारी पडले. आणि आरोपी कोण? कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई!

पहिला प्रयोग, शेवटचा प्रवेश. बाबांनी फक्त ‘आरोपी निर्दोष आहे’ म्हणायचं आणि हातोडा आपटायचा. संपलं. तर हे उठले! चष्मा काढला आणि म्हणतात कसे, ‘बाई, तुम्ही माझी दाढ काढलीत त्या दिवसापासून मला झोप नाही. दुखतं म्हणून नाही हं... माझ्याशी लग्न कराल?’

मी गारच! स्क्रिप्टमध्ये नाहीये हो हे! मी पानं उलटतेय, पुढची, मागची, आणि माणूस बोलतोय, अहो, बोलतोय! आणि बाई? घाबरल्या? छे! पिंजऱ्यात उभ्या राहून शांतपणे म्हणतात, ‘विचार करायला मुदत मिळावी, महाराज.’

टाळ्या! शिट्ट्या! मॅनेजरकाका आत धावत आले, ‘काय शेवट केलाय! हाच ठेवायचा!’

‘काका, स्क्रिप्टमध्ये नाहीये हो हे!’

‘मग लिहून घे की!’

झालं. दर प्रयोगाला बाबा लग्नाचं विचारणार, दर प्रयोगाला बाई मुदत मागणार, आणि लोक तिकिटं काढून बघायला येणार, आज तरी हो म्हणतायत का! दूधवाला मला रस्त्यात अडवतो, ‘ताई, बाईंचं मन वळतंय बरं का!’ माझ्या आईच्या जागेबद्दल दूधवाल्याचं मत! घरी विचारलं, ‘बाबा, हे नाटक आहे की खरं?’ ‘हं.’ अहो, कुठलं हं?

शेवटी मला रडूच फुटलं. तसे बाबा जवळ येऊन बसले. म्हणाले, ‘तुझ्या आईला विसरलो नाही गं. पण तू कामावर गेलीस ना, की दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू येतात.’ एवढं बोलले! घरात! स्क्रिप्टमध्ये... जाऊ दे. मी उठले, चहा टाकला.

आणि मग सीझनचा शेवटचा प्रयोग. बाबांनी विचारलं. हॉल श्वास रोखून बसलेला. आणि बाई म्हणाल्या, ‘हो.’

बाबा ब्लँक! मुदतीची इतकी सवय झालेली, ‘हो’च्या पुढे काय म्हणायचं ते सुचेचना! भेदरून विंगेकडे बघायला लागले. मी कुजबुजले, ‘तारीख विचारा!’

बाबा खणखणीत आवाजात, ‘तारीख विचारा!’

हॉल हसून लोळतोय! पण बाई हसल्या नाहीत. थेट माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तू सांग पोरी, तुला कधी चालेल?’ आख्खा हॉल माना वाकड्या करून विंगेत बघायला लागला... आता मला कोण प्रॉम्प्ट करणार? पुस्तक मिटलं, मुंडकं बाहेर काढलं आणि म्हटलं, ‘रविवारी ठेवा. मला सुट्टी असते.’