रविवारची पाळी

दवाखान्यात माझ्या शेजारी एक बेकरी कामगार आणि त्याची बायको बसले होते. मी पुस्तक उघडं धरलं होतं. चोरून ऐकणं बरं नव्हे, हे कळत होतं.

"डॉक्टरांचा दाखला मिळाला की दुपारी सही. मग मी मुकादम!"

"आणि रविवारची सकाळ?"

"भट्टीपाशी. दर रविवारी."

"म्हणजे चर्चमधली उपासना बंद. अहो, देवाला विचारलंत का?"

"विचारणार आहे."

"मुकादमकीचं कळून तीन दिवस झाले की! प्रार्थना तर रोज करता."

"जेवणाआधीची करतो. ती पाठ आहे."

"आणि पोरांना कोण सांगतं, आधी देव, मग बाकी सगळं?"

"मीच सांगतो."

"मग अडलंय कुठे?"

"तो नको म्हणाला तर?"

"आणि हो म्हणाला तर?"

"हो म्हणेल असं वाटलं असतं, तर पहिल्याच दिवशी नसतं का विचारलं?"

"बरं, मग आता विचारा."

"इथे? या औषधांच्या वासात?"

"प्रभूचा जन्म गोठ्यातला. त्याला वासाचं काय सांगता?"

"अगं, आपला नंबर येईल."

तेवढ्यात कंपाउंडरने नंबर पुकारला. त्यांचाच होता. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

"आजोबा, पुढचा नंबर तुमचाच ना? तुम्ही जा आधी. मला जरा बोलायचंय."

"बायकोशी?" मी विचारून बसलो.

"नाही हो. तिचं बोलून झालं."