मरळ जगली, कटला गेला

(निडी गाव. धोंडुबाईच्या तळ्याचा बांध. सोबत शेजारचे भातशेतकरी जनू आणि रोह्याच्या कॉलेजात माशांचा अभ्यास करणारी त्यांची पुतणी ऋतुजा.)

जनू : ती बघ, मरळ वर आली! माझ्या औषधानं मासे मेले असते, तर ही कशी जगली?

धोंडुबाई : मग माझी कटल्याची बोटुकली पिलं काय हौसेनं मेली? परवा सकाळी तुम्ही भातावर फवारलंत, दुपारी पाऊस पडला, संध्याकाळी सगळी उलटी तरंगत होती.

जनू : विष काय मासा बघून मारतं, वैनी? ऋतुजा, तूच सांग.

ऋतुजा : काका, मरळ वर कशाला आली?

जनू : हवा घ्यायला.

ऋतुजा : कटल्याला ते जमत नाही. श्वासासाठी त्याला सारखं पाणी कल्ल्यांतून न्यावं लागतं. त्याबरोबर औषधही अंगात जातं. मरळीच्या कल्ल्यांतून त्यामानानं कमी जातं.

जनू : येवढ्यानंच वाचली?

ऋतुजा : नाही. ती हातभर, पिलं बोटाएवढी. शिवाय अंगातलं विष मोडायची ताकद प्रत्येक जातीत वेगळी. दुसरं औषध असतं तर मरळही गेली असती.

धोंडुबाई : म्हणजे मरळ जगली म्हणून पाणी चांगलं, असं नाय.

ऋतुजा : तेच, काकी.

जनू : आणि मी गावभर सांगत सुटलो, वैनीला मासे पाळता येत नाय म्हणून.

धोंडुबाई : ऐकलं मी. गिरणीत.

जनू : चुकलो. माझ्याच शेताच्या बांधातल्या मोरीतून आलं ते तुमच्या तळ्यात. गिरणीत पण मीच सांगीन.

धोंडुबाई : ते सांगा तुम्ही. पण ती मोरी?

जनू : आजच बुजवतो. वाफ्यातलं पाणी पलीकडच्या खाचरात जिरू दे.

धोंडुबाई : ऋतुजा गो, परत पिलं कधी सोडू?

ऋतुजा : आधी दहाच आणू. पंधरा दिवस तळ्यातच जाळीत ठेवू. जगली तर बाकीची.

जनू : पेणवरून मी आणतो.

(पंधरा दिवसांनी, तिथंच.)

धोंडुबाई : उचल गो जाळी. हळू.

ऋतुजा : आठ... नऊ... दहा! काकी, दहाच्या दहा! आणि खातायत बघा कशी!

धोंडुबाई : दिसली गो, दिसली!

जनू : ओरडू नका दोघी. घाबरतील ती.