बरगडीखालची कळ

“पोरगी गुणाची आहे हो, पण पोटात काहीतरी आहे तिच्या, माहेरच्यांनी लपवलं. डॉक्टरांना दाखवू आणि ते पळणं कायमचं बंद करू.”

तुम्हाला सांगते, हे माझ्या कानांसाठी नव्हतंच. सासूबाई सासऱ्यांना स्वयंपाकघरात हळूच सांगत होत्या, पण त्यांचं हळू म्हणजे मी दाराशी बुटाची नाडी बांधत होते तिथवर शब्द न् शब्द पोचला... आणि मी काही बोलले नाही. लग्नाला अडीच महिने, अडीच महिन्यांची सून बोलणार काय? पण दिवसातली ती पळण्याची चाळीस मिनिटंच तर माझी, त्या वेळात कुणी ‘अगं, जरा इकडे ये’ म्हणत नाही, तीही आता जाणार.

पोटात काहीतरी आहे हे खरंच हो, पण ते माहेरचं नाही, इथलंच आहे. या घरात रिकाम्या पोटी उंबरठा ओलांडायचा नाही, माणूस कचऱ्याची बादली घेऊन खाली निघाला तरी ‘काही खाल्लंस का?’ पहाटे नवरा पांघरुणातूनच पुटपुटतो, “डब्यात दोन उकडलेली अंडी ठेवलीत, आईला कळू देऊ नकोस.” मी खाते. दारात सासूबाई, हातात साय घातलेल्या दुधाचा पेला, पेला कसला, फुलदाणीच ती, “संपव बाई, माझ्यासमोर.” मी संपवते. जिन्यात सासरे, पेपर आणायला निघालेले, खिशातून दोन केळी काढतात, “हिला सांगू नकोस हं, मलाच ओरडेल.” तिघांनाही वाटतं, या बिचारीकडे लक्ष आहे ते एकट्या आपलंच... आणि मी काही बोलत नाही.

मग पळते. पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत ठीक, तिथून दूध हिंदकळायला लागतं आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ येते म्हणून सांगू, सुई टोचावी तशी. शाळेत खेळाच्या बाईंनी शिकवलं होतं, वेग कमी करा, दोन बोटांनी दाबा, थोडं वाका, तोंडाने लांब श्वास सोडा, दोन मिनिटांत जाते. जातेही. पण बघणाऱ्याला काय दिसतं? तरणीताठी सून पोट धरून दिव्याच्या खांबाला टेकलीय आणि फू फू करतेय. तेच सासऱ्यांना दिसलं, त्यांनी घरी सांगितलं, आणि अशक्तपणा म्हणून फुलदाणीची झाली बरणी.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो, सगळे. डॉक्टरांनी मला विचारलं, “पळायच्या आधी काय खाता?” मी तोंड उघडेपर्यंत सासूबाई म्हणाल्या, “काही नाही हो, घोटभर दूध, तेही मी देते म्हणून.” सासरे खाकरले, “आणि... दोन केळी.” सासूबाईंनी मान वळवली. नवरा भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत म्हणाला, “अंडी. दोनच.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “एवढं खाऊन मला जिना चढवणार नाही, ही पळते कशी? काही आजार नाही हिला. खायचं तर दोन तास आधी, नाहीतर पळून आल्यावर.”

“दोन तास आधी ना?” सासूबाई लगेच म्हणाल्या. “मग चारला उठते मी.”

आणि तुम्हाला सांगते, अडीच महिन्यांत पहिल्यांदा माझा आवाज निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही. “आई, मी येऊन खाईन.”

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. “बरं,” त्या म्हणाल्या, “मग सकाळी उठून मी करू काय?”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं ना, तर मी गप्प बसले असते, मला छान जमतं ते. पण त्या खरंच विचारत होत्या. आता माझ्या चाळीस मिनिटांचं काय होणार, हे मला बोलायच्या आधीच कळलं होतं...

“चला माझ्याबरोबर,” मी म्हणाले. “तिघंही चला. पण उपाशी.”