काळा कुळकुळीत

सासरे : आणि हे हातमोजे कशाला? गाडीची पुढची नवी जाळी रंगवताय की तिचं ऑपरेशन करताय?

जावई : हाताचं तेल लागलं तर रंग धरत नाही, बाबा. व्हिडिओत तसं स्पष्ट सांगितलंय.

सासरे : चाळीस वर्षं गॅरेजमध्ये मी उघड्या हातांनी गाड्या रंगवल्या. एकीचाही रंग रुसला नाही. बरं, घाला. प्राध्यापकांचे हात, उद्या खडू धरायचाय. पॉलिश पेपर मारला होतात ना?

जावई : आधी जाड, मग बारीक. मग धुतली, पुसली, सकाळी प्रायमर मारला. तोही वाळलाय.

सासरे : बारीक पेपर कधी मारलात? मी इथेच खुर्चीवर होतो. खरखर, खरखर, आणि एकदम चिडीचूप. मघाशी बोट फिरवलं मी. खालून तिसरी पट्टी अजून गुळगुळीत आहे, तिथे पेपर पोचलाच नाही. महिन्याभरात तिथला रंग खपलीसारखा निघेल.

जावई : मग आज थांबूया का? रविवारी नीट करू.

सासरे : उद्या सकाळी मला ताईकडे जायचंय. पुढचे दात पडलेली गाडी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहू?

जावई : मी तेच म्हणतोय. उद्या मी रजा टाकतो, गाडी मी चालवतो. तुम्ही शेजारी आरामात बसा.

सासरे : हे तुम्ही म्हणताय की आतून बायकोने शिकवून पाठवलंय?

जावई : आम्हा दोघांनाही तसं वाटतं. घाटाचा रस्ता आहे, बाबा.

सासरे : तुमच्या शेजारी बसून जायचं तर ताईला आजच कळवतो, परवा पोचतो म्हणून. गाडी मी चालवणार. हा विषय संपला. स्प्रेचा डबा घ्या.

जावई : कोणता? दोन्हींना मोजे चढवलेत तुम्ही.

सासरे : आम्ही गॅरेजमध्ये तसंच करायचो. डबा कोमट पाण्यात ठेवायचा, पुसायचा, वर जुना मोजा चढवायचा. ऊब टिकते, हात घसरत नाही. हे नाही आलं वाटतं व्हिडिओत?

जावई : नाही आलं. पण मोज्याखाली नाव झाकलं जातं.

सासरे : झाकण आहे ना वर? काळं झाकण तो काळा. लाल झाकण तो फाटकाचा लाल. झाकणं मी माझ्या हातांनी लावलीत. वाचल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असा काही नियम आहे का तुमच्या कॉलेजात?

जावई : नाही. हे काळं झाकण. काढलं.

सासरे : हलवा. अजून. गोळी वाजू दे आतली. बाळाला खुळखुळा दाखवताय का? मनगटातून हलवा. हां. आता एक वीत लांब धरा आणि हात एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत. थांबायचं नाही.

जावई : सुरू करतो. अरे…

सासरे : थांबलात. सांगितलं ना, थांबायचं नाही?

जावई : बाबा, हा रंग…

सासरे : रंगाला काय धाड भरलीय? चांगला काळा कुळकुळीत उठतोय. नाचता येईना म्हणून… जाऊ दे. पुढे चला.

जावई : काळा?

सासरे : मग काय, मोरपिशी? मारा.

जावई : मारतो.

सासरे : डाव्या कोपऱ्यात दोनदा हात फिरवलात. ओघळ येईल तिथे.

जावई : आलाय. तुम्हाला दिसला तो ओघळ?

सासरे : फुसकारा दोनदा एकाच जागी झाला की ओघळ येणारच, त्यात बघायचंय काय? तुमचा आवाज का असा झालाय? वास चढला का? फडकं बांधा तोंडाला.

जावई : नाही, ठीक आहे. झालीच आता. शेवटची पट्टी.

सासरे : एवढ्याशा जाळीला इतका वेळ. माझ्या गॅरेजमध्ये एवढ्यात अख्खा दरवाजा झाला असता. तरी आहे बरी. पहिल्या खेपेला काळा बरा बसलाय.

(मुलगी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मागच्या दारातून येते.)

मुलगी : अरे, कपडे वाळत घालू की रंग उडेल? आणि हे काय केलंस तू?

जावई : काही नाही. कपडे नंतर घाल. तू आत जा.

मुलगी : आत काय जा? बाबा, तुम्ही समोर बसून हे असं करू दिलंत?

सासरे : ओघळाचं म्हणतेस ना? सांगितलं मी. ऐकतायत कुठे.

मुलगी : ओघळ नाही. जाळी कोणत्या रंगाची करायची होती?

सासरे : काळी.

मुलगी : आणि कशी झालीय?

जावई : अगं, राहू दे ना.

मुलगी : तू थांब. बाबा, कशी झालीय?

सासरे : का? काळीच आहे.

मुलगी : लाल आहे, बाबा. फाटकाचा लाल. झाकणांची अदलाबदल झालीय.

जावई : चूक माझी आहे. डबा तपासायला हवा होता.

सासरे : तुम्हाला कधी कळलं?

जावई : पहिल्याच हाताला.

सासरे : आणि बोलला नाहीत.

जावई : तुम्ही कुळकुळीत म्हणालात. मग मला धीर होईना.

सासरे : कीव आली माझी. दोन धडधाकट डोळ्यांच्या माणसाने आंधळ्याचं ऐकून अख्खी जाळी लाल करून ठेवली. हेच शिकवता मुलांना?

मुलगी : त्याला बोलू नका. कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?

सासरे : दिसतं. कडेकडेने दिसतं. मधोमध धूर असल्यासारखा आहे. वर्ष झालं असेल.

मुलगी : वर्ष? आणि रोज गाडी काढत होतात? जाळी कशी फुटली, बाबा? उभ्या गाडीला कोणी ठोकून गेलं म्हणालात.

सासरे : कोणी ठोकलं नाही. वाचनालयासमोरचा खांब.

मुलगी : तो खांब तर माझ्या लहानपणापासून तिथेच आहे.

सासरे : म्हणून तर सांगता येईना. त्या खांबाला टेकून एक बाई चपला शिवत बसते, माहितीये? मी उतरलो तेव्हा तिचं बसायचं पोतं पुढच्या चाकाखाली होतं.

मुलगी : आणि ती?

सासरे : पाणी प्यायला गेली होती. परत आली, पोतं ओढून काढलं, झटकलं. वर मलाच म्हणाली, लागलं नाही ना काका? तेव्हापासून झोप नाही मला.

मुलगी : आणि तरी उद्या घाटात निघाला होतात.

सासरे : हो. तुमच्या दोघांच्या तोंडून “बसा आरामात” ऐकायचं नव्हतं. एवढंच.

जावई : नाही म्हणणार मी तसं, बाबा.

सासरे : तुम्ही आधी तो लाल उतरवा. पूर्ण वाळल्याशिवाय पेपर लावू नका, चिखल होईल. आणि तिसऱ्या पट्टीखाली बोट घाला यावेळी, मी हात लावून तपासणार आहे. रजेचा अर्ज लिहिता येतो ना, की त्याचाही व्हिडिओ लागतो?

जावई : येतो. पण उद्यापर्यंत जाळी काही होत नाही.

सासरे : मग बिनजाळीची न्या. ताईला मी सांगेन, जावयाने बिघडवली.

मुलगी : बाबा, गाडीची किल्ली?

सासरे : इथेच ठेवली मघाशी, डब्याच्या झाकणात. कोणत्या, ते तू बघ.