अकरा दहाला गेलेला बाण

(आयुधपूजेचा दिवस. तिरुनेलवेलीच्या एका रुग्णालयाच्या कार्यालयातून अलमेलूनं चेन्नईच्या संगणक-मदतकक्षातल्या इळंगोला केलेला फोन.)

अलमेलू : अकरा दहाला तुमचं मशीन उघडलं आणि माउसचा बाण गेला, आता अकरा पंचवीस झालेत. तिसऱ्यांदा सांगतेय रे तंबी, धाकट्या भावा, माझा माउस चांगला आहे.

इळंगो : अक्का, बॅटरी एकदा बदलून—

अलमेलू : वायरचा आहे. माझ्या पडद्यावर बाण ठणठणीत फिरतो. त्याच पडद्यावर अवयव-नोंदणीसाठी तुमचं चेन्नईचं मशीन उघडलं की नाहीसा.

इळंगो : हलतच नाही?

अलमेलू : हलतो, दिसत नाही. यादीवरून हात फिरवला की एकेक ओळ निळी होते. म्हणजे बाण आहे, पडद्यावर उमटत नाही एवढंच.

इळंगो : हे मदतकक्षातल्या आम्हा तिघांनाही सुचलं नसतं.

अलमेलू : कौतुक नंतर. मदुरैला मूत्रपिंड मिळतंय. तीन वर्षांनी आमच्या एसक्कीअम्माळचा नंबर लागलाय. बाराच्या आत 'तयार' कळवलं नाही, तर ते पुढच्या माणसाला. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत.

इळंगो : टॅब दाबत दाबत फॉर्म भरता येईल.

अलमेलू : केव्हाच भरला. टायपिंगची हायर परीक्षा, पहिला वर्ग, त्र्याण्णव साल! पण शेवटची दोन बटणं कीबोर्डला दाद देत नाहीत. 'तयार' आणि 'नकार', अगदी खेटून. दोन्ही करडी, निळीही होत नाहीत. त्या बाईच्या जिवाशी आंधळी कोशिंबीर खेळू?

इळंगो : नको, नको. थांबा, मोठ्या मशीनपाशी जातो. तुम्ही तिकडून उघडता ते मशीन त्याच्याच पोटात चालतं... अय्यो.

अलमेलू : काय झालं?

इळंगो : माउसच नाही इथे. काल संध्याकाळी आम्ही सगळे माउस, पकडी, पेचकस पुसून देवीपुढे मांडले. चंदन-कुंकू लावलं. जोडलेला माउस सापडला नाही की आतलं मशीन बाण काढायचंच सोडतं.

अलमेलू : मग उचलून आण.

इळंगो : खोलीला कुलूप आहे. किल्ली साहेबांकडे आणि साहेब मैलापूरला.

अलमेलू : शाब्बास! पूजा आम्हीही केली. पण आमच्याकडे हत्यार देवीपाशी जात नाही, जागच्या जागी टिळा लावतो. आता दुसरी वाट सांग.

इळंगो : आहे. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक, तिन्ही एकदम. काही विचारलं तर 'हो' म्हणा. मग आकड्यांच्या कळांनी बाण चालतो, सहा उजवीकडे, दोन खाली. मशीनला वाटतं, माउस आला.

अलमेलू : दाबलं... आला! मधोमध उभा आहे.

इळंगो : आता माउसनं न्या.

अलमेलू : कळांनीच नेते. बोटांवर माझा जास्त भरवसा. सहा... सहा... दोन... 'तयार'वर आलाय. पाच दाबलं की क्लिक?

इळंगो : हो. दोनदा बघून घ्या.

अलमेलू : चारदा बघितलं. दाबलं. अकरा सत्तेचाळीस. तुझ्याकडे काय दिसतंय?

इळंगो : 'तयार. नोंद मिळाली.' अक्का, कळांनी बाण इतका सरळ नेणारं माणूस मी पाहिलं नाही.

अलमेलू : तीस वर्षांत कळफलकाकडे मान वाकवली नाही. आज वाकवेन होय? आणि तूही गडबडला नाहीस. तुझ्या साहेबांना सांगेन मी. आता ठेव फोन, वॉर्डात कळवायचंय.

इळंगो : ...अक्का, पुन्हा मीच, इळंगो. बारा वीस झाले. मदुरैहून काही?

अलमेलू : पोच आलीय. दुसऱ्या एका रुग्णालयानंही त्यांच्या एका बाईसाठी 'तयार' कळवलंय, म्हणून दोघींचं रक्त जुळवून बघतायत, जिचं जास्त जुळेल तिला मूत्रपिंड. एसक्कीअम्माळला सकाळपासून उपाशी ठेवलंय. तिच्या रक्ताची नळी घेऊन गाडी आत्ताच मदुरैला गेली.